आरोग्याचा जमाखर्च

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला, तेव्हापासून ग्रामीण आरोग्याची दैनंदिन जबाबदारी ज्या खात्याकडे आली, त्या खात्याच्या सेवेवर आणि हिशेबावर देखरेख कोणी व कशी ठेवावी, हा या अंकाचा विषय आहे. सपाटीवर तीस हजार आणि डोंगरी व आदिवासी भागांत वीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष सर्वश्रुत आहे. परंतु इमारत उभी राहिली, तरतूद मंजूर झाली आणि मार्चअखेर ती खर्ची पडली, एवढ्यावरून रुग्णाच्या हाती औषध पडले असे सिद्ध होत नाही.

लेखापरीक्षक पावत्या ताडून पाहतो. मात्र लसींच्या शीतकपाटाचे तपमान दोन ते आठ अंशांच्या दरम्यान राहिले की नाही, हे दिवसातून दोनदा भरावयाच्या तक्त्यावरून, आणि सर्पदंशावरील प्रतिविष गरजेच्या रात्री शिल्लक होते की नाही, हे साठावहीवरूनच कळते. म्हणून या अंकात आम्ही दोन्ही दफ्तरे शेजारी ठेवून वाचली आहेत. २००७ पासून राज्यात लोकाधारित देखरेखीचा व जनसुनवाईचा जो प्रयोग झाला, त्याचीही मीमांसा येथे आहे. तसेच रिक्त पदे आणि विलंबाने येणारा निधी यांपायी कर्मचाऱ्यांची होणारी कुचंबणाही आम्ही दृष्टीआड केलेली नाही.

आपल्या केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीची सभा केव्हा भरली आणि खर्चाचा तपशील फलकावर लागतो काय, याची चौकशी करून वाचकांनी आम्हांस अवश्य लिहावे.