बांबू कोणाचा, हे आधी पाहा

झाड उभं असेपर्यंत फौजदारी कायद्याच्या लेखी त्याची चोरी होत नाही. जमिनीत रुजलेली वस्तू जंगम मालमत्ता ठरत नाही. लबाडीने नेण्यासाठी ती तोडली, की त्याच क्षणी चोरी पूर्ण होते. १८६० च्या दंड संहितेतलं हे उदाहरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही कायम आहे. मुंबई-पुण्यात ते पुस्तकी वाटेल. चंद्रपूर-गडचिरोलीत ते थेट माणसांच्या पोटापाण्याशी भिडतं.

साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. चोरीसाठी किंवा माल पळवताना मारहाण केली, जिवाचा धाक घातला, की ती जबरी चोरी. तेच पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलं, की दरोडा, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. सागवानाचे ओंडके नेणाऱ्या पाच जणांनी अडवायला आलेल्या वनरक्षकाला झोडपलं, तर तो दरोडा. पण पाच जण मिळून गुपचूप बांबू नेत असतील, तर निव्वळ डोकी मोजून दरोडा लावता येत नाही. इथवर कायदा सरळ आहे.

अडचण पुढे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम ३०५ ने राहत्या घरातली चोरी, देवळातल्या मूर्तीची चोरी यांच्या रांगेत सरकारी मालमत्तेची चोरीही बसवली. शिक्षा सात वर्षांपर्यंत. साध्या चोरीत माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि माल परत केला, तर समाजसेवेवर सुटका होते. कलम ३०५ मध्ये ती सवलत नाही.

त्यात १९२७ च्या वन अधिनियमाचं कलम ६९ सांगतं, की उलट सिद्ध होईपर्यंत वनोपज सरकारचंच समजायचं. ही दोन कलमं शेजारी ठेवली, की सुपं-टोपल्या विणणाऱ्या बुरडाची मोळीही सात वर्षांच्या गुन्ह्यात ओढली जाऊ शकते.

वास्तविक २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घालून त्याची मालकी जंगलात राहणाऱ्यांना दिली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतूक परवान्याचं घोडं अडलंच. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबूच्या रांजी त्याच, तोडणारे हातही तेच. कागद मिळाल्यावर गाव उघडपणे बांबू विकू लागलं. चंद्रपूर जिल्ह्यात पाचगावनेही पुढे हीच वाट धरली.

सागवानाची गोष्ट वेगळी. ते गौण वनोपज नाही, आणि सिरोंच्याकडून नदीपार लाकूड पोचवणाऱ्या टोळ्यांना कडक कलम लागलंच पाहिजे. बांबूच्या प्रकरणात मात्र कलम ३०५ लावण्याआधी त्या जंगलावर सामूहिक हक्क मान्य झालाय का, हे तपासून पंचनाम्यात नोंदवणं सक्तीचं करावं. पाच हजारांच्या आतली सवलत सरकारी जंगलातल्या पहिल्या, किरकोळ गुन्ह्यालाही मिळावी. आणि बाहेरच्या ठेकेदाराने ग्रामसभेचा बांबू पळवला, तर फिर्यादी म्हणून ग्रामसभेचं नाव लिहून घ्यायला ठाण्यात खळखळ होऊ नये.