तब्येत काय म्हणते?

"तब्येत काय म्हणते?" या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: "चाललंय!" उल्हासनगर घ्या, अंबरनाथ घ्या, नाहीतर बदलापूर. त्यापुढे कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. मला वाटतं हे "चाललंय" जरा उघडून बघायला हवं.

कारण प्रश्न दिसतो तितका फालतू नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात १९७१ साली ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या तीन हजारांवर लोकांना विचारलं होतं, एकंदरीत तब्येत कशी आहे? उत्तम, चांगली, बरी, की वाईट? पुढची सहा-सात वर्षं कोण जगलं, कोण गेलं ते पाहिलं. मोसी आणि शपिरो या दोघींनी १९८२ मध्ये निष्कर्ष छापले: "वाईट" म्हणणाऱ्यांना मरणाचा धोका "उत्तम" म्हणणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट. तोही वय, उत्पन्न आणि प्रत्यक्ष आजारपण हिशेबात धरून! म्हणजे कागदावर न येणारं काहीतरी माणसाला आतून कळत असावं.

मग "चाललंय" म्हणणारे आपण सगळे ठणठणीत? इथेच तर मेख आहे. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक विसंगती मांडली होती. केरळात आयुर्मान जास्त, आणि आजाराच्या तक्रारीही जास्त. बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि तक्रारीही कमी. शिक्षण आणि दवाखाना हाताशी असला की दुखण्याला दुखणं म्हणता येतं, नाहीतर ते नशिबात जमा होतं. आपल्या धंद्यातलं सांगायचं तर लॉग लेव्हल 'एरर'वर ठेवली की वॉर्निंग दिसत नाहीत. त्या नसतात असं नाही.

आता आपला पट्टा बघा. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, फास्ट लोकलने साधारण दीड तास. जाऊन-येऊन तीन. वर्षाला २४० दिवस धरले तर ७२० तास, म्हणजे अख्खे तीस दिवस आणि तीस रात्री गाडीत! बसायला मिळावं म्हणून अंबरनाथचे लोक उलटे बदलापूरला जातात. झोप कमी, चालणं बंद, जेवण दहानंतर. पण डब्यातले सगळे तसेच, त्यामुळे पाठदुखी हा आजार न राहता पासासारखीच रोजची गोष्ट होते. वालधुनीचंही तेच. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर नाल्यात रसायन ओतलं गेलं, उल्हासनगरात शेकडो लोकांना त्रास झाला, तेव्हा बातमी झाली. एरवीच्या वासाची नाकाला सवय.

एक बाजू मात्र मान्य करायला हवी. तोच डबा माणसं देतो. ग्रुपमधले वाढदिवस, भजनं, दसऱ्याची गाडीपूजा, हे सगळं तब्येतीच्या खात्यात जमाच धरावं लागेल. एकटेपणा तब्येत खातो हे आता डॉक्टरही सांगतात. त्यामुळे "लोकल वाईट, घर विका" असा सल्ला मी देणार नाही. हप्ते कोण भरणार?

माझं म्हणणं एवढंच, की तुलना बाजूच्या सीटशी करू नका. तो तुमच्याइतकाच थकलेला आहे, त्याच्याशेजारी सगळेच फिट दिसतात. तुलना स्वतःच्या गेल्या वर्षाशी करा. जिना तेव्हा कसा चढत होतो? रविवारी दुपारी झोपल्याशिवाय निभत होतं का? चारातला एकच पर्याय निवडायचा. "चाललंय" हा पर्याय त्यात नाही.

आणि कंपनीच्या वार्षिक तपासणीत कोलेस्टेरॉल मोजतात, पण हा फुकटचा प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारत नाहीत. विचारायला हवा, आणि उत्तर "बरी"वरून "वाईट"वर घसरलं तर आठवड्यातून दोन दिवस घरून काम हा लाड न मानता औषध मानायला हवं.

बघा पटतंय का. आणि हो, तुमची तब्येत खरंच कशी आहे?