विश्लेषण : प्रकल्प सादर करताना ‘मर्यादा’ शेवटी का?

सेमिस्टर संपत आले की अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्प सादरीकरणाची धांदल उडते. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे परिसरातील महाविद्यालयेही त्याला अपवाद नाहीत. चार जणांचा गट, दहा मिनिटे, पंधरा-वीस स्लाइड, दोन-तीन प्रश्न आणि टाळ्या. ‘उद्दिष्ट’, ‘कार्यपद्धती’, ‘निष्कर्ष’ असे मथळे वाचून दाखवले जातात. ‘मर्यादा’ ही स्लाइड शेवटून दुसरी येते आणि तोवर वेळ संपलेली असते. खरे तर याच स्लाइडपासून सुरुवात व्हायला हवी.

अभ्यासक्रमात प्रकल्पाला स्थान काय?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी ‘प्रकल्पाधारित शिक्षण’ हा विषय आला. अंतिम वर्षाचा प्रकल्प दोन सेमिस्टरमध्ये, दोन टप्प्यांत होतो. मधल्या आढाव्यांत गट वर्गापुढे आणि मार्गदर्शक शिक्षकांपुढे काम मांडतो, शेवटी बाह्य परीक्षक तोंडी परीक्षा घेतात. म्हणजे सादरीकरणाच्या संधी कमी नाहीत. प्रश्न आहे तो त्या संधीत काय विचारले जाते याचा. ‘मॉडेल चालते का?’ एवढेच विचारले, तर विद्यार्थी मॉडेल त्या दिवशी चालवून दाखवतात. ‘ते कधी चालणार नाही?’ हे विचारले, तरच आराखड्याची परीक्षा होते.

मावळात याला वेगळे महत्त्व का?

१५ जून २०२५ रोजी मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चौघांचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. रविवार होता, पावसाळी पर्यटनाची गर्दी होती. पूल धोकादायक असल्याचा फलकही तेथे होता. दुर्घटनेमागे देखभालीचे आणि प्रशासनाचे प्रश्न आहेतच. पण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्यातून एक प्रश्न स्वतःसाठी उचलावा. आपण बनवलेली वस्तू उद्या कोण वापरणार आणि एका वेळी किती जण?

हा प्रश्न पाठ्यपुस्तकाबाहेरचा नाही. पुलांवरील भार ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत पादचाऱ्यांसाठी दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरायला सांगितला आहे. जिथे यात्रा-जत्रांची गर्दी होते अशा ठिकाणच्या पुलांसाठी तो ५०० किलो धरावा, असेही म्हटले आहे. म्हणजे आकडा निवडण्याआधी गाव पाहावे लागते. काल चार शेतकरी ज्या वाटेने जात होते, तिथे आज मोबाइलवर व्हिडीओ पाहून शेकडो पर्यटक येत असतील, तर जुने गृहीतक टिकत नाही. वर्गातल्या सादरीकरणात ‘भार : ४०० किलो’ असे लिहिणाऱ्या गटाला ‘हाच आकडा का?’ असे विचारणारा कुणीतरी हवा.

घाटाच्या रेल्वेतून काय दिसते?

लोणावळ्याच्या खालूनच जाणारा भोर घाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. ३७ फुटांना एक फूट असा तीव्र चढ आणि उभा डोंगर यांमुळे खंडाळ्याजवळ ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ करावे लागले. तिथे गाडीची दिशा उलटवून पुढचा चढ चढला जाई. ही व्यवस्था १९२९ पर्यंत चालली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचा या कंपनीच्या रेल्वेवरील निबंध १८६० मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्समध्ये मांडला गेला. निबंध मांडायचा आणि मग जाणकारांनी त्यावर चर्चा करायची, ही त्या संस्थेची रीत. वर्गातले सादरीकरण हे त्याच रीतीचे धाकटे रूप आहे.

याच घाटातला एक मोठा दगडी पूल १८६७ मध्ये, मार्ग सुरू झाल्यावर अवघ्या चार वर्षांत कोसळला. आराखडा कितीही थोर असला तरी बांधकाम, पाऊस आणि वापर त्याची परीक्षा घेतातच. म्हणून ‘आमचा प्रकल्प यशस्वी झाला’ या वाक्यापेक्षा ‘आमचा प्रकल्प इथपर्यंत तपासला आहे, त्यापुढे नाही’ हे वाक्य अधिक भरवशाचे.

एका स्लाइडने काय बिघडते?

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान पृथ्वीवर परतताना नष्ट झाले. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्यावर सादरीकरण केले होते. चौकशी मंडळाने नंतर त्यातल्या एका स्लाइडवरच बोट ठेवले. शीर्षक दिलासा देणारे होते. प्रत्यक्ष आदळलेला तुकडा चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यांपेक्षा कितीतरी पट मोठा होता, ही कळीची बाब मात्र स्लाइडच्या तळाशी होती. मंडळाच्या म्हणण्यानुसार हा फरक सुमारे ६४० पटींचा होता.

माहिती लपवली गेली नव्हती. ती फक्त चुकीच्या जागी होती. ‘मर्यादा’ शेवटच्या स्लाइडवर ढकलण्याची सवय वर्गात लागते आणि नोकरीत सोबत जाते.

मग चांगले सादरीकरण कसे असावे?

एक उदाहरण घेऊ. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. समजा, एखाद्या गटाने अशा ओढ्यांसाठी पाणी वाढल्याचा इशारा देणारे यंत्र बनवले. वरच्या बाजूला सेन्सर, खाली भोंगा. बादलीत पाणी ओतले की भोंगा वाजतो. वर्गात टाळ्या पडतात.

आता प्रश्न सुरू व्हावेत. सेन्सर पर्यटकांपासून ६०० मीटर वर आहे आणि पाण्याचा लोंढा सेकंदाला ३ मीटर वेगाने येतो असे धरले, तर हाती २०० सेकंद उरतात, म्हणजे जेमतेम सव्वातीन मिनिटे. सेन्सरने पाणी ओळखायला आणि भोंगा वाजायला अर्धा मिनिट गेला तर पावणेतीन मिनिटे. लहान मूल आणि आजी सोबत असलेले कुटुंब शेवाळलेल्या दगडांवरून तेवढ्यात बाहेर येईल का? लोणावळ्यात वर्षाला साधारण ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मग जुलैच्या ढगांत सौर पॅनेल बॅटरी चार्ज करील का? धबधब्याच्या तुषारांत सेन्सर चुकीचे आकडे देईल का? दिवसातून तीनदा खोटा इशारा वाजला तर चौथ्यांदा कोण पळेल? आणि पुढच्या वर्षी त्याची देखभाल कोण करणार?

यातल्या निम्म्या प्रश्नांना गटाकडे उत्तर नसेल. चालेल. ‘हे आम्ही तपासलेले नाही, तपासायचे तर असे तपासू’ हेही अभियंत्याचे उत्तर आहे आणि त्याला गुण मिळायला हवेत. दहा मिनिटांची वाटणी अशी करता येईल : गरज कोणाची आणि किती, यासाठी दोन मिनिटे, कोणते पर्याय सोडले आणि का, यासाठी दोन, चाचणीचे आकडे, तीन, यंत्र कुठे आणि कधी फसेल, तीन. प्रत्येक स्लाइडचे शीर्षक पूर्ण वाक्यात असावे. ‘चाचणी’ असे लिहून काहीच कळत नाही. ‘सलग पावसात बॅटरी दोन दिवस टिकली’ हे वाचून कळते.

भाषेचा अडसर किती?

मावळातील अनेक मुले मराठी माध्यमातून येतात. इंग्रजीत अडखळण्याच्या भीतीने ती स्लाइड वाचून दाखवतात आणि प्रश्न आला की गप्प होतात. तांत्रिक संज्ञा इंग्रजीच राहू देत, पण प्रश्नोत्तरे मराठीत व्हायला हरकत कसली? २०२१-२२ पासून मातृभाषेतून अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा मिळाली. मग मराठीतून उत्तर देण्याची मुभा वर्गातही असावी. इंग्रजी यायला हवीच. पण इंग्रजीची परीक्षा आणि आराखड्याची परीक्षा एकाच वेळी घेतली, तर दुसरी होतच नाही.

वेळ आणि गुणांचे काय?

शिक्षकांची अडचण खरी आहे. साठ विद्यार्थी, चौघांचा गट, म्हणजे पंधरा सादरीकरणे. प्रत्येकाला वीस मिनिटे दिली तर पाच तास जातात. त्यात तयार प्रकल्प विकत आणणारेही असतात. यावर महागडा उपाय लागत नाही. ऐकणाऱ्या प्रत्येक गटाने एक लेखी प्रश्न द्यावा आणि चांगल्या प्रश्नाला गुण असावेत. उत्तर कोणत्या सदस्याने द्यायचे, हे शिक्षकांनी ठरवावे. विकत आणलेला प्रकल्प पहिल्या दोन प्रश्नांतच ओळखू येतो, कारण सोडून दिलेले पर्याय बाजारात विकत मिळत नाहीत.

या मुलांपैकी काही जण उद्या तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत असतील, काही सार्वजनिक बांधकाम विभागात. ‘हा पूल आता इतक्या लोकांसाठी नाही’ हे वरिष्ठांसमोर, पहिल्याच वाक्यात आणि आकड्यानिशी सांगण्याची वेळ त्यांच्यावर येईल. वर्गात कधी ते सांगितलेच नसेल, तर तिथे ते जमणार नाही.