बाजारभाव ऐकणारी मंडळी

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासभर मागे गेली आणि पुणे आकाशवाणीच्या सकाळी सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या आपल्या इंडियानात रात्री ९.३५ ऐवजी ८.३५ला येऊ लागल्या. दरवर्षीच्या या बदलाने ज्यांचे काही बिघडते किंवा साधते अशी घरे आपल्यात किती असतील, असे वाटून गणपतीच्या जेवणाच्या रांगेत विषय काढला होता, तर निम्मी रांग बोलू लागली. कुणी रात्री ओटा आवरताना नागपूर लावतो, कुणी पहाटे ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढताना रत्नागिरीची दुपार ऐकतो. आपल्या राज्याने सरसकट घड्याळे पुढेमागे करायला सुरुवात केली ती २००६ साली. त्याआधीपासून इथे असलेले अजून कुरकुरतात, की पूर्वी बारा महिने साडेदहा तासांचे अंतर होते, हिशेब सरळ होता.

त्याही आधी, साठ-सत्तरच्या दशकात आलेल्यांना हिशेब करण्याची वेळच येत नसे. आकाशवाणीच्या परदेशी प्रसारणाचा रोख मुख्यतः आखात, पूर्व आफ्रिका, आग्नेय आशिया आणि युरोपकडे. आपण पृथ्वीच्या जवळजवळ पाठीमागे. लघुलहरींवर काही सापडलेच तर खरखरीतून वेचून घ्यायचे. मस्कत-दुबईची मंडळी त्या मानाने नशीबवान. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन लांब जातात, त्यामुळे अंधार पडला की समुद्रापलीकडचे मुंबई केंद्र त्यांना लागू शकत असे. इथे यायच्या त्या कॅसेट. तिकडे भाऊ किंवा मेहुणा रेडिओशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून ‘आपली आवड’ उतरवून घेई आणि येणाऱ्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीला खेटून ती कॅसेट येई. मधेच कुकरची शिट्टी, दारावरच्या भाजीवालीची हाक. आपल्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी त्या अजून जपून ठेवल्या आहेत. गाणी आता कुठेही मिळतात, ती भाजीवाली मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे.

मला ते पटते. गीतरामायणाची छप्पन गाणी १९५५-५६मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्याला एक या क्रमाने आली, तेव्हा पुढच्या गाण्यासाठी सात दिवस थांबावे लागे. आज ती सगळी हवी तेव्हा, हव्या त्या क्रमाने ऐकता येतात. म्हणजे केवळ गाण्यांसाठी रेडिओ लावण्याचे कारण उरलेले नाही. तरी आकाशवाणीच्या अ‍ॅपवर सांगली, परभणी, जळगाव लावून बसणारे लोक आहेत. ते काय ऐकतात?

बाजारभाव ऐकतात. उन्हाळ कांदा, आवक इतके क्विंटल. किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. मग सोयाबीन, मग तूर. कार्मेलमध्ये राहून सॉफ्टवेअर तपासणाऱ्या माणसाला तुरीच्या दराशी काय देणेघेणे, असे कुणीही विचारील. पण ज्याच्या काकांची तूर खळ्यात पडून आहे त्याला ते कळते, आणि ज्याचे कुणीच आता शेतात नाही तोही ऐकतो. हवामानाचा अंदाज, बोंडअळीवरचा सल्ला, परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत. यातले एक अक्षरही परदेशस्थ मराठी माणसासाठी लिहिलेले नसते, आणि माझ्या मते खरी गोडी त्यातच आहे. ‘अनिवासी’ म्हणून आपल्यासाठी मुद्दाम काही केले, की त्यात लेझीम येते, नऊवारी येते, ‘मायभूमीची हाक’ येते. रेडिओवरच्या निवेदिकेला आपण ऐकतोय याचा पत्ताही नसतो. ती तिच्या कामाला लागलेली असते.

पावसाळ्यात याला वेगळीच धार चढते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे तिथल्या पोरासोरांना पाठ असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते इंडियानापोलिसमध्येही पाठ झाले. कोयनेतून किती क्युसेक सोडले, सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी कुठवर आले, हे आपल्यातली काही घरे रात्रभर ऐकत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर तेव्हा धरण फुटल्यापासून सगळे काही येत होते. शांत आवाजात, आकडे सांगून, घाई न करता वाचलेली बातमी किती आधाराची असते ते अशा वेळी कळते. खासगी एफएम वाहिन्यांना भारतात स्वतःच्या बातम्या तयार करून देण्याची मुभा नाही, फार तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. त्यामुळे रेडिओवर बातमी म्हणजे अजूनही आकाशवाणीच. ती सरकारी आहे, बेतानेच बोलते, सरकारला अडचणीचे प्रश्न विचारत नाही, हे मान्य. तेवढ्यासाठी वर्तमानपत्रे वाचावीत.

जाता जाता एक. पहाटे केंद्र सुरू होताना तंबोऱ्यावर व्हायोलिनची जी धून वाजते, ती वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. नाझींच्या छायेतल्या युरोपातून हे ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईत आले आणि आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागले. पुढे कॅनडात राहून १९५७ साली ते इंडियाना विद्यापीठात शिकवायला आले आणि १९८४ साली इथेच, ब्लूमिंग्टनला वारले. तासाभरावरचे गाव आहे. दर शरद ऋतूत पाने बघायला आपण त्याच रस्त्याने जातो.

एक तक्रार मात्र करायची आहे, आणि ती आपल्याच लोकांबद्दल. पंचगंगा किती फुटांवर आहे ते ठाऊक आणि व्हाइट रिव्हर घरामागून वाहते याचा पत्ता नाही, अशी माणसे आपल्यात आहेत. गेल्या वसंतात टोर्नेडोचा इशारा चालू असताना एका घरी कानात सातारा केंद्र लावून मंडळी निवांत बसली होती. शेजाऱ्याने दार ठोठावले तेव्हा तळघरात गेली. दोन्ही ऐकावे. इथल्या रेडिओवरचा वादळाचा इशाराही तसाच, शांत आवाजात आणि परगण्यांची नावे घेऊन दिलेला असतो.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण, कार्यकारिणीपुढे मंडळाच्या स्वतःच्या इंटरनेट रेडिओचा प्रस्ताव आला आहे. दर रविवारी अर्धा तास. नमुन्यादाखल दोन कार्यक्रम आले. दोन्हींत भावगीते, मधे कविता, शेवटी दिवाळीच्या आठवणी. वाईट नाहीत, पण ते ऐकायला रविवारची वेळ कशाला पाळायची? माझी सूचना अशी की पहिली दहा मिनिटे नुसती निवेदने असावीत. कुणाचे आईवडील सहा महिन्यांसाठी आलेत आणि त्यांना दुपारी पत्त्यांचा चौथा गडी हवा आहे. भारतीय दुकानात अळूची पाने आली, काय भाव. शिकागोच्या विमानतळाकडे गुरुवारी कोण जाणार आहे, गाडीत जागा आहे का. मराठी शाळा कोणत्या चर्चच्या तळघरात भरते आणि बर्फामुळे बंद असली तर कुठे कळेल. गाणी नंतर लावू.

वाचणारे तीन आवाज मिळाले तर जानेवारीपासून सुरू करता येईल. प्रमाण उच्चारांचा आग्रह नाही, उलट वऱ्हाडी किंवा मालवणी वळणाने कुणी अळूचा भाव वाचला तर उत्तमच. अट एकच, शुक्रवारी रात्रीपर्यंत निवेदने हातात यायला हवीत, आणि आपल्या मंडळाचा आजवरचा अनुभव पाहता तेच सगळ्यात अवघड आहे.