गोळी स्वस्त, नाव महाग

अमेरिकेतले म्हातारे औषधासाठी बस करून कॅनडात जात, आणि स्वस्त औषध बाहेरून आणू द्यावे की नाही, यावर तिथे वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर जानेवारी २०२४ मध्ये फ्लोरिडाला तशी परवानगी मिळाली. आपल्याकडे हा प्रश्नच उलटा आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरचे उत्पादन पेटंट काढले, २००५ मध्ये ते परत आले. पण मधल्या काळात इथले कारखाने एवढे वाढले की आज अमेरिकेलाही आपल्या गोळ्या जातात. मग पाटण खोऱ्यातून एसटीने कराडला उतरणाऱ्या ज्येष्ठाला रक्तदाबाची, साखरेची गोळी महाग का पडते? महाग असते ते चिठ्ठीवरचे नाव. मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅम्लोडिपिनचे पेटंट कधीच संपले आहे. सरकारी योजनेतली जनऔषधी दुकाने २००८ पासून आहेत, तिथे हीच औषधे ब्रँडच्या निम्म्याहून कमी दरात मिळतात. मात्र चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल, तर दुकानदाराला त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचे औषध देता येत नाही. औषध नियमावलीतील नियम ६५ तशी मनाई करतो. म्हणजे सरकारने एका हाताने दुकान उघडले आणि दुसऱ्या हाताने त्याला कुलूप लावले. सत्तरीपुढच्यांना मिळालेले आयुष्मान कार्डही रुग्णालयात दाखल झाल्यावरच चालते. रोजच्या गोळीला ते लागू नाही.

ब्रँडची नावे काढून टाका, असे सरकारने नेमलेल्या हाथी समितीने १९७५ मध्येच सुचवले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक, म्हणजे मूळ औषधाचे, नाव लिहिणे सक्तीचे केले आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगितही केले. डॉक्टरांचा आक्षेप असा की, दर्जाची खात्री नसताना निवड दवाखान्यातून दुकानाच्या काउंटरवर जाईल आणि ज्यात नफा जास्त तीच पट्टी रुग्णाच्या हातात पडेल. ही भीती खोटी नाही. पण केंद्रीय औषध नियंत्रकांच्या दर महिन्याच्या नापास यादीत ब्रँडची औषधेही असतात, तेव्हा मोठे नाव म्हणजे हमी, हे धरून चालता येत नाही. त्यामुळे दर्जाचा आक्षेप तपासणी वाढवण्यासाठी पुढे करावा, जेनेरिक रोखण्यासाठी नव्हे. डॉक्टरांनी मूळ औषधाचे नाव लिहावे. फिट्सच्या औषधाप्रमाणे जिथे कंपनी बदलणे जोखमीचे असेल, तिथे कारण नमूद करून ब्रँड लिहावा. नियम ६५ बदलून रुग्णाच्या संमतीने तेच औषध दुसऱ्या कंपनीचे देण्याची मुभा नोंदणीकृत फार्मासिस्टला द्यावी, आणि प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल दुकानात मागताच दाखवावा. यातल्या कशालाही परदेशातून काही आणावे लागत नाही.