दोन आवाजांचे गाणे

माझ्या एका दुर्गुणाची कबुली या दिवाळीच्या निमित्ताने देऊन टाकावी म्हणतो. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. जात्यावरच्या ओव्या शिकवताना माझा आवाज भरून येतो, असे विद्यार्थी माझ्या माघारी सांगतात. पण घरी एकटा असलो, की मी इंग्रजांची रॉक आणि पॉप गाणी ऐकतो. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे कळले, तेव्हा त्यांनी 'अरेरे!' एवढाच उद्गार काढला. जणू काही मला एखादे दुर्धर दुखणे जडले होते!

'तो धांगडधिंगा तुम्हांला आवडतो तरी कसा?' असे पुष्कळजण विचारतात. खरे सांगायचे, तर धांगडधिंगा मलाही सोसत नाही. मला आवडतात ती गाणी निराळीच. बीटल्स मंडळींचे १९६६ सालचे 'एलिनॉर रिग्बी' घ्या. त्यात गिटार नाही आणि ढोलही नाही. चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो यांच्या साथीवर एका एकाकी बाईची आणि एका एकाकी पाद्र्याची कथा सांगितली आहे. बाई मरते, तेव्हा तिच्या मातीला कोणी येत नाही. दोन मिनिटांत सारे आटोपते आणि आपण मात्र बराच वेळ भिंतीकडे पाहत बसतो. किंवा रे डेव्हिस याने लिहिलेले, किंक्स या मंडळीचे १९६७ सालचे 'वॉटर्लू सनसेट'. खिडकीशी बसलेला एक माणूस टेम्स नदी पाहतो, वॉटर्लू स्टेशनवरची गर्दी पाहतो, दर शुक्रवारी तिथे भेटणारी एक तरुण जोडी पाहतो. त्याचे स्वतःचे असे कोणी नाही. तरी तो दुःखी नाही. संध्याकाळ पाहायला मिळते, एवढ्यावर तो तृप्त आहे. असे समाधान मला अजून साधलेले नाही.

पण ज्या गाण्याने मला आयुष्यात दोनदा गाठले, ते याहून वेगळे. त्याचे नाव 'शीज लीव्हिंग होम'. बीटल्सच्या १९६७ सालच्या 'सार्जंट पेपर' या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेतले हे गाणे. एका तरुण मुलीने घर सोडल्याची बातमी पॉल मॅकार्टनीने वर्तमानपत्रात वाचली आणि त्यावरून हे सुचले. गाण्यातली मुलगी पहाटे पाच वाजता चिठ्ठी लिहून ठेवते, हलक्या पावलांनी जिना उतरते आणि निघून जाते. आईला ती चिठ्ठी सापडते. बस्स, कथा एवढीच. साथीला हार्प आणि व्हायोलिनचा परिवार. चौघा बीटल्सपैकी एकानेही यात वाद्याला हात लावलेला नाही. मॅकार्टनी मुलीची हकीकत सांगतो आणि ध्रुपदात जॉन लेनन आईबापांचा विलाप गातो. हिच्यासाठी आम्ही काय केले नाही, काय कमी पडू दिले, असा त्याचा सूर. गंमत अशी, की ध्रुपदात हे दोन्ही आवाज एकाच वेळी ऐकू येतात. कोणी कोणाला थांबवत नाही आणि कोण बरोबर, याचा निवाडाही गाणे करीत नाही.

मी हे गाणे प्रथम ऐकले ते १९९८ साली, पुण्याच्या वसतिगृहात, खोलीतल्या सोबत्याच्या कॅसेटवर. त्याच्या आधी महिनाभरच मी सांगली जिल्ह्यातले आमचे गाव सोडले होते. अण्णांचे किराणा दुकान होते. मी तालुक्याला कॉमर्स करावे आणि दुकान सांभाळावे, अशी त्यांची इच्छा होती. मला मराठी शिकायचे होते. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. निघालो तीही पहाटे पाचच्याच एस.टी.ने. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ओट्यावरचा दिवा लागलेला होता. अण्णांच्या खोलीचे दार मात्र बंद होते. त्या कॅसेटमधला मुलीचा भाग ऐकताना मला वाटे, हे माझेच गाणे आहे. मागचा आईबापांचा सूर मला चक्क रडगाणे वाटे. ते आले, की मी कॅसेट थोडी पुढे सरकवीत असे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मुलीने जाहीर केले, की अभियांत्रिकीला न जाता ती बडोद्याला चित्रकला शिकणार. मी, म्हणजे दुकान सोडून मराठीच्या मागे लागलेला मी, जेवता जेवता हात थांबवून म्हणालो, 'तुझ्यासाठी आम्ही काय कमी केले?' ती क्षणभर पाहत राहिली आणि मग हसून म्हणाली, 'बाबा, तुम्ही लेननचा भाग म्हणताय!'

हे गाणे मीच तिला लहानपणी ऐकवले होते. घास माझ्या घशातच अडकला.

त्या रात्री मी ते पुन्हा लावले. या वेळी काही पुढे सरकवले नाही. लेननचा आवाज लांबून, थकल्यासारखा येत होता आणि त्यात रड नव्हती, कोडे होते. हे लिहिले तेव्हा दोघांनीही तिशी गाठलेली नव्हती. मॅकार्टनीची आई तो चौदा वर्षांचा असताना गेली. लेननची तो सतरा वर्षांचा असताना. मुलाची चिठ्ठी हातात घेऊन उभी राहील, अशी आई त्या दोघांनाही उरलेली नव्हती. म्हणूनच की काय, त्यांनी आईबापांना नुसते बोलणी खाणारे केले नाही. त्यांना त्यांचा आवाज दिला. आपल्या ओव्यांत सासरी निघालेल्या लेकीला निरोप द्यायला सारे घर वेशीपर्यंत येते. या गाण्यात निरोप द्यायलाच कोणी जागे नसते. खरे दुःख तिथे आहे.

अण्णांचा भाग मी कधी ऐकलाच नव्हता. ते जाऊन नऊ वर्षे झाली. मुलीला बडोद्याच्या गाडीत बसवून आलो आणि गावी आईला फोन केला. बोलता बोलता विचारले, 'मी पुण्याला निघालो, तेव्हा अण्णा झोपले होते का गं?'

आई जराशी थांबली. मग म्हणाली, 'झोपतील कसले? मी चुलीपाशी होते, तू अंघोळीला गेला होतास. ओट्यावरचा दिवा कुणी लावला, असं वाटतं तुला?'