मोठ्यांची भांडणं, पोरांच्या उंचीवरून

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले, तेव्हा साडी नेसून राष्ट्रपतींसमोर गेलेली चिमुकली त्रिशा ठोसर आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. किती मेसेज फिरले! तिच्याबरोबर श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप यांनाही ‘नाळ २’साठी बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला, आणि सिनेमा सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला. साडीचं कौतुक झालं, छानच झालं. पण ही पोरं पडद्यावर काय सांगत होती, यावर आमच्या भिशीत तरी कुणी अवाक्षर काढलं नाही. म्हणून म्हटलं, आपणच बोलू.

आधी पहिला ‘नाळ’ आठवा. २०१८ चा, सुधाकर रेड्डी यंकट्टी यांचा. विदर्भातल्या खेड्यातला चैत्या आईचा लाडका. एक दिवस मामा सहज बोलून जातो, की ही तुझी खरी आई नव्हे. झालं! घर तेच, चूल तीच, पण पोराला सगळंच वेगळं दिसायला लागतं. आई रागावली की ‘सख्खी असती तर’, आणि नाही रागावली तरी तेच. त्यात म्हशीचं रेडकू मरतं आणि दुधासाठी पेंढा भरलेलं रेडकू तिच्यापुढं उभं करतात. आपल्याकडं म्हशी पाळणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही. चैत्याच्या डोळ्यांनी पाहिलं की मात्र पोटात कालवतं.

आणि बघा, यात वाईट कुणीच नाही. देविका दफ्तरदारनं केलेली ती आई तर जिवापाड माया करते. दुखतं ते एवढंच, की सगळ्या मोठ्यांना माहीत आणि ज्याचा प्रश्न त्यालाच ठाऊक नाही. ‘मासूम’मध्ये (१९८३) हेच होतं. आपण शबाना आझमीच्या बाजूनं रडलो, नवऱ्याचं दुसरीकडचं मूल घरात आलं म्हणून. रडू येण्यासारखंच होतं ते. पण राहुल ज्या घरात राहतोय तो माणूस आपला बाप आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

नात्यातलं मूल नात्यात देण्याची रीत आपल्याकडं जुनी आहे. दिराला नाही तर नणंदेला दिलं. त्यात कमीपणा कसला? कोल्हापूरला तर हे सांगायलाच नको. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये इथल्या गादीवर दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. अख्ख्या संस्थानाला माहीत होतं आणि दहाएक वर्षांच्या त्या मुलालाही. मग आपल्या घरात कुजबुज का? पोरगं खोलीत आलं की विषय बदलायचा, हे त्याला कळत नाही असं आपल्याला वाटतं. पोरांना अर्धं वाक्य ऐकू येतं, आणि उरलेलं अर्धं ती स्वतःच रचतात. खऱ्यापेक्षा वाईट रचतात.

पण मुलाची नजर नेहमी न्यायी असते असंही नाही हं. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ पाहिलात? वडील वारलेले, आईची बदली पुण्याहून कोकणात. चिन्मयच्या लेखी आई म्हणजे त्याला मित्रांपासून तोडून आणणारी. ती नव्या ऑफिसात एकटी कशी टिकून आहे, हे त्याच्या उंचीवरून दिसत नाही. अमृता सुभाषचा तो ओढलेला चेहरा आपल्याला दिसतो, त्याला नाही. मला हा सिनेमा याचसाठी आवडतो. आईला देवी करत नाही आणि खलनायिकाही करत नाही. सिरियलमधल्या पोरांसारखी तत्त्वज्ञानाची भाषणंही त्यात नाहीत!

घरगुती भांडणांत समेट घडवायला बसते, तेव्हा आया पोराला हमखास पुढं करतात. “सांग बाईंना, पप्पा काय करतात ते.” बाप आला की तोही तेच करतो. बाईला मार बसत असेल तर २००५ चा कायदा तिच्या पाठीशी आहे, तिनं एक दिवसही सोसू नये. पण त्यासाठी सात वर्षांच्या पोराला साक्षीदार करायलाच पाहिजे का? मी पोराला आधी दुसऱ्या खोलीत खेळायला पाठवते. काही आयांना ते आवडत नाही.

ताब्याच्या खटल्यात मूल समजूतदार वयाचं असेल तर त्याची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकतं, ही तरतूद १८९० च्या पालक-पाल्य कायद्यापासून आहे. ‘अ सेपरेशन’ या २०११ च्या इराणी सिनेमाचा शेवट तिथंच आहे. न्यायाधीश अकरा वर्षांच्या तेरमेहला विचारतात, आई की बाबा? ती म्हणते, माझं ठरलंय. पण आईबाप समोर असताना ते तिच्या तोंडून निघत नाही. त्यांना बाहेर पाठवतात. दोघं दोन बाजूंना थांबून राहतात, आणि तिचं उत्तर आपल्याला कळतच नाही.

आपल्याकडं हाच प्रश्न पाहुणे आले की सगळ्यांदेखत गंमत म्हणून विचारतात: “काय रे, तू कुणाचा? आईचा की पप्पांचा?” पोरगं एकदा इकडं बघतं, एकदा तिकडं, आणि सगळे हसतात.